पाण्याखालील जमिनीची मोजणी : मेरीलंडांतील कालवांचा धंदा व सरकार

कालव हा शब्द ऐकतांच देशावरील वाचकांच्या डोळ्यांपुढें पाटाचें पाणी उभें राहील. पण हा लेख पाटबंधाऱ्यांच्या कालव्यांविषयीं नाहीं. कोंकणांतील खाड्यांच्या खडकांस चिकटून वाढणारा, दोन खडबडीत शिंपल्यांमध्यें मांस धरून राहणारा जो जलचर, तो कालव. ओहोटीच्या वेळीं बायका खडकांवर बसून लोखंडी हत्यारानें ते शिंपले फोडतात व आंतील मांस बाजारांत आणतात, हें रत्नागिरीकडील मंडळीस सांगावयास नको. शेतकीच्या मासिकांत या विषयास जागा कां द्यावी, असें कोणी विचारील. कारण असें कीं, कालवांचा धंदा हा मासेमारीपेक्षां शेतीशीं अधिक जुळतो. मासा फिरता असतो. कालव एकदां चिकटलें कीं मरेपर्यंत जागा सोडीत नाहीं. म्हणजे येथें जमीन आहे, बीं आहे, पेरणी आहे, पडीक आहे आणि भाडेपट्टाही आहे. जेथें जमीन आहे तेथें सरकार आलेंच. अमेरिकेंतील मेरीलंड संस्थानानें या धंद्यासाठीं दोनशें वर्षें कायदे केले, पहारे बसविले आणि पैसा ओतला. त्यांतील कोणता पैसा कामास आला व कोणता नुसता पाण्यांत गेला, हें आपल्यासारख्या खातेदारांनीं पाहण्याजोगें आहे.

मेरीलंडच्या मधून चेसापीक नांवाचा लांबट उपसागर गेलेला आहे. सस्क्वेहाना, पोटोमॅक वगैरे नद्यांचें गोडें पाणी व समुद्राचें खारें पाणी त्यांत मिसळतें, आणि असें मचूळ पाणी कालवांस मानवतें. मादी अंडीं पाण्यांतच सोडते व नराचें बीजही पाण्यांतच त्यांस मिळतें. पिलूं दोन-तीन आठवडे तरंगत राहतें, आणि मग एखादी कठीण व स्वच्छ जागा पाहून तेथें कायमचें चिकटतें. चिखलांत पडलें तर गुदमरून मरतें. त्याला सर्वांत मानवणारी जागा म्हणजे पूर्वींच्या कालवांचे शिंपले. यावरून एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कालव खाऊन त्याचा शिंपला दुसरीकडे नेऊन टाकणें म्हणजे पिकाबरोबर शेताची वरची मातीही गाड्यांत भरून नेणें होय. विक्रीजोगें, म्हणजे तीन इंच लांबीचें, कालव तयार होण्यास सुमारें तीन वर्षें लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं उत्तरेकडील किनाऱ्यावरील कालवांचीं शेतें उपसून संपलीं, तेव्हां तिकडील तारवें चेसापीकांत उतरूं लागलीं. त्यांच्या तळाशीं लोखंडी दात्यांची चौकट असे व तिला जाळीची पिशवी लाविलेली असे. ही चौकट तारवामागें ओढीत नेली म्हणजे तळ खरवडून निघे. आपण तिला खरवड म्हणूं. मेरीलंडच्या विधिमंडळानें १८२० सालीं खरवडीस मनाई केली व परक्या तारवांनीं कालवें बाहेर नेण्यासही बंदी घातली. गांवचे लोक उथळ पाण्यांत नावेंत उभे राहून दोन लांब दांड्यांच्या चिमट्यानें कालवें उचलीत. त्यांस मोकळीक राहिली. पुढें आगगाडी आली, बाल्टिमोर शहरांत कालवें डब्यांत भरण्याचे कारखाने निघाले आणि मागणी अतोनात वाढली. तेव्हां १८६५ सालीं सरकारनें परवान्याची फी घेऊन आपल्या रहिवाशांस खोल पाण्यांत खरवड चालविण्यास मोकळीक दिली. अट मात्र अशी घातली कीं तारूं शिडाचें असावें, यंत्राचें नसावें. ही अट १९६७ पर्यंत जशीच्या तशी टिकली, व त्या सालीं आठवड्यांतील दोन दिवस यंत्राच्या नावेनें ढकलण्याची सवलत मिळाली.

परवाने दिले, पण चोरून खरवडणाऱ्यांस कोण आवरणार? म्हणून १८६८ सालीं कालवांच्या पोलिसांचें एक लहानसें आरमारच उभारण्यांत आलें. त्याचा पहिला सेनापति हंटर डेव्हिडसन हा यादवी युद्धांतील दक्षिणेकडील पक्षाचा आरमारी अधिकारी होता. रात्रीं खरवडवाले चिमटेवाल्यांच्या उथळ पाण्यांत शिरत, चिमटेवाले किनाऱ्यावरून गोळ्या झाडीत, आणि पोलिसांची आगबोट मध्यें सांपडे. १८८८ सालच्या डिसेंबरांत चेस्टर नदीच्या मुखाशीं पोलिसांच्या आगबोटीनें खरवडवाल्यांच्या तारवांस धडका देऊन त्यांतील दोन बुडविलीं. पोटोमॅक नदीवर तर मेरीलंड व व्हर्जिनिया या दोन संस्थानांची तेढ विसाव्या शतकापर्यंत चालली. १९५९ सालीं तेथें पोलिसांच्या गोळीनें एक मनुष्य ठार झाला, आणि त्यानंतर १९६२ सालीं दोन्ही संस्थानांनीं मिळून त्या नदीसाठीं सामाईक मंडळ नेमलें. एका शिंपल्यासाठीं एवढा दारूगोळा उडाला हें वाचून हसूं येईल. परंतु बांधावरून वा पाण्याच्या पाळीवरून आपल्याकडे ज्या कुऱ्हाडी चालल्या, त्यांचे खटले ज्यांनीं पाहिले आहेत ते हसणार नाहींत.

या व्यवस्थेंत हिशेबाची एक मेख होती, ती महसुली नोकरी केलेल्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. आरमाराचा खर्च परवान्यांच्या फीमधूनच भागवावयाचा होता. म्हणजे परवाने जितके अधिक, तितका खजिना भरलेला. आणि परवाने जितके अधिक, तितका तळ रिकामा. राखणदाराचा पगार चोरांच्या संख्येवर ठरवावा तशांतलाच हा प्रकार! शिवाय बोटीवरील जागा राजकीय पक्षांच्या शिफारशीनें भरल्या जात, त्यामुळें ज्यानें मतें मिळवून दिलीं त्याची खरवड रात्रीं दिसत नसे.

१८८४-८५ च्या हंगामांत मेरीलंडांत सुमारें दीड कोटी बुशेल कालवें निघालीं. बुशेल म्हणजे मापाचें भांडें. एका मापांत साधारण तीनशें कालवें मावतात. एवढें उत्पन्न पुढें कधींच आलें नाहीं. तें शिखरावर असतांनाच एका मनुष्यानें धोका ओळखला होता. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक ब्रुक्स यांनीं क्रिसफील्ड येथें राहून अमेरिकन कालवाच्या अंड्यांची वाढ पाण्यांत कशी होते याचा शोध लाविला होता. १८८२ सालीं सरकारनें चौकशीसाठीं समिति नेमली, तींत ते होते. समितीचा अहवाल १८८४ सालीं बाहेर पडला व १८९१ सालीं ब्रुक्स यांनीं या विषयावर पुस्तकही लिहिलें. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, नुसतें गोळा करीत राहिल्यास हें धन संपेल. समुद्रतळाच्या नापीक जागा लोकांस पट्ट्यानें द्या, म्हणजे जो शिंपले टाकील व बीं लावील तोच पीक काढील. १८९० सालीं अडीच इंचांखालील कालवें परत पाण्यांत टाकण्याचा कायदा झाला. पट्ट्यांच्या गोष्टीस मात्र सोळा वर्षें वाट पाहावी लागली.

१९०६ सालीं बाल्टिमोरचे वकील हेमन यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला. पट्टा द्यावयाचा तर आधीं नैसर्गिक शेतें कोणतीं व नापीक तळ कोणता हें ठरविणें भाग होतें. म्हणून पाण्याखालील जमिनीची मोजणी हातीं घेण्यांत आली. मध्यवर्ती सरकारच्या किनारा-मोजणी खात्याचे येट्स हे तिचे प्रमुख होते व १९०६ पासून १९१२ पर्यंत हें काम चाललें. मोजणी करणारे जवळच्या किनाऱ्यावर पक्के दगड रोवीत. मग नाव तळावरून लांब सांखळी ओढीत जाई. सांखळी शिंपल्यांवरून जातांना थरथरे, चिखलावरून जातांना मऊ चाले. हातास लागणाऱ्या त्या थरथरीवरून शेताची कड समजे. कड लागतांच किनाऱ्यावरील खुणांचे कोन घेऊन ती जागा नकाशावर टिपीत. अधूनमधून चिमट्यानें तळ उपसून एका चौरस वारांत किती कालवें आहेत तेंही मोजीत. स्थानिक नावाड्यांस बरोबर घेऊन प्रत्येक शेताचें गांवठी नांव विचारण्यांत आलें, आणि तीं नांवें नकाशावर चढलीं. अशा रीतीनें सुमारें २ लक्ष १५ हजार एकर क्षेत्र नैसर्गिक शेतें म्हणून कागदावर आलें.

गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत सुरूं केलेल्या मोजणीशीं हिची तुलना मनांत येतेच. तेथेंही शेताची हद्द, नंबर व प्रत ठरली, आणि तीस वर्षें धारा वाढणार नाहीं असें शेतकऱ्यास समजल्यावर पडीक जमीन लागवडीस आली. मात्र एक भेद आहे व तो मोठा आहे. आपल्या मोजणीनें कसणाराचें नांव कागदावर चढलें. मेरीलंडच्या मोजणीनें जें चढलें तें कोणाचेंच नव्हतें. जें सर्वांचें म्हणून राखावयाचें त्याचीच हद्द निघाली, आणि उरलेला चिखल पट्ट्यासाठीं शिल्लक राहिला.

त्यांतही नैसर्गिक शेत कशास म्हणावें हा वाद कोर्टकचेऱ्यांत गेला होता. जेथें लोक चिमट्यानें कालवें काढून पोट भरीत आले तें नैसर्गिक, अशी व्याख्या न्यायालयांतून रूढ झाली. म्हणजे जमिनीच्या गुणावरून नव्हे, तर वहिवाटीवरून. मला ही व्याख्या वाईट वाटत नाहीं. पण १९१४ सालीं शेफर्ड यांचा कायदा आला, आणि मोजणींत नापीक ठरलेल्या जागाही नैसर्गिक म्हणून ठरवून घेण्याची वाट त्यानें उघडून दिली. ज्या जागेवर एखाद्यानें पट्टा मागावा, तीच आमची जुनी वहिवाटीची आहे असें सांगण्यास पांच-पंचवीस शेजारी उभे राहूं लागले. पट्ट्यांची योजना त्याबरोबर थंडावली.

येथें शहाण्यांची एक रीत आहे कीं चिमटेवाल्यांस अडाणी व हट्टी म्हणून मोकळें व्हावें. मला तें पटत नाहीं. ज्याच्याजवळ एक नाव व एक चिमटा एवढेंच भांडवल, त्याला सार्वजनिक शेतावर रोजची मजुरी खात्रीनें मिळे. पट्टा घेऊन शिंपले टाकावयाचे, बीं आणावयाचें, तीन वर्षें थांबावयाचें आणि रात्रीं राखण ठेवावयाची, याला पैसा लागतो. बाल्टिमोरचे डबेवाले तो घालूं शकत होते. चिमटेवाल्यांस भीति होती ती ही कीं, आज नापीक तळ जाईल, उद्यां सुपीक जाईल, आणि परवां आपण आपल्याच पाण्यांत रोजंदारीवर राबूं. त्यांच्या मतांच्या जोरावरच पट्टा फक्त रहिवाशाला मिळावा, कंपनीला मिळूं नये, असे निर्बंध आले. सावकाराच्या खात्यांत गेलेल्या जमिनी ज्यांनीं पाहिल्या त्यांस ही भीति समजेल.

शेजारच्या व्हर्जिनियानें निराळी वाट धरली. बेलर यांनीं १८९२ ते १८९४ या काळांत तेथील सार्वजनिक शेतें मोजलीं, तीं दोन लाख एकरांवर भरलीं, आणि त्यांच्या बाहेरचा तळ सरकारनें सढळ हातानें पट्ट्यानें दिला. जेम्स नदींतील सार्वजनिक शेतांतून बीं आणून खासगी शेतांत वाढविण्याचा धंदा तेथें भरभराटीस आला. पण १९५९ सालीं एक परोपजीवी रोग खालच्या चेसापीकांत शिरला आणि खाऱ्या पाण्यांतील तीं खासगी शेतें ओस पडलीं. तेव्हां पट्टा म्हणजे सर्व दुखण्यांवर औषध, असें म्हणणाऱ्यांनीं हें प्रकरणही वाचावें.

मेरीलंडांत पट्टे थंडावल्यावर सरकारनें काय केलें? शिंपले विकत घेऊन, मागून, उपसून टाकण्यास आरंभ केला. पूर्वीं शिंपले रस्त्यांवर पसरीत, भट्टींत भाजून चुना करीत आणि शेतांतही घालीत. क्रिसफील्ड गांवाचा तर बराच भाग शिंपल्यांच्या भरावावर वसलेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कारखानदारांनीं शिंपल्यांचा कांहीं हिस्सा सरकारास द्यावा असा कायदा झाला, व तो हिस्सा पुढें वाढवीत नेला. १९६० पासून उपसागराच्या वरच्या भागांत गाळाखालीं पुरलेले प्राचीन शिंपले यंत्रानें उपसून सार्वजनिक शेतांवर टाकण्याचें मोठें काम चाललें, तें २००६ पर्यंत. त्याबरोबर जेथें पिलें विपुल धरतात तेथून बीं उचलून दुसऱ्या शेतांवर नेत. हा एक प्रकारें सरकारी खर्चानें चालविलेला पेरा होता. पीक मात्र परवाना असलेल्या कोणीही काढावें. वर्षास वीस-तीस लाख बुशेल उत्पन्न १९८० च्या आसपासपर्यंत येत राहिलें तें बरेंचसें या पेऱ्याच्या जोरावर.

नंतर अवर्षणाचीं वर्षें आलीं. नद्या आटल्या, उपसागरांत खारेपणा वर सरकला आणि त्याबरोबर दोन्ही रोग वर सरकले. हे रोग खाणारास बाधत नाहींत, कालवास मात्र विक्रीच्या वयास पोंचण्यापूर्वींच मारतात. त्यांतच शेतांवरून व शहरांतून वाहून येणाऱ्या गाळानें व खतांच्या सत्त्वानें पाणी बिघडलें होतें. याबाबत मेरीलंडचे शेतकरी चेसापीकवाल्यांच्या शिव्या खातात, आणि सरकार त्यांना हिंवाळ्यांत रान उघडें न ठेवतां आच्छादनाचें पीक घेण्यासाठीं पैसे देतें. १९९३-९४ च्या हंगामांत साऱ्या संस्थानांत ८० हजार बुशेलच कालवें निघालीं, आणि २००३-०४ मध्यें २६ हजारांच्या आसपास. दीड कोटींवरून २६ हजार!

या ठिकाणीं मोजणीच्या गोष्टीकडे परत येणें जरूर आहे, कारण पैसा कोठें बुडाला तें तिच्यावरून समजतें. येट्स यांच्या नकाशांवरील सुमारें २ लक्ष १५ हजार एकर कायद्यानें शतकभर नैसर्गिक शेतच राहिलें. प्रत्यक्षांत त्यांतील पुष्कळ भाग गाळाखालीं गेला होता. १९७४ ते १९८३ या काळांत ध्वनियंत्रांनीं तळ पुन्हां पाहण्यांत आला, तरी कायद्याच्या हद्दी हलल्या नाहींत. अखेर कालवें जगूं शकतील असा तळ सुमारें ३६ हजार एकरच उरल्याचें मानण्यांत आलें. म्हणजे उतारा एका गोष्टीचा व रान दुसऱ्याच गोष्टीचें! जो पट्टा मागे त्याला सांगावयाचें कीं ही जागा सार्वजनिक पिकाची आहे, आणि त्या जागीं गेलें तर हातभर चिखल. फेरमोजणी व फेरफार यांच्यावांचून मूळ मोजणी कितीही सुरेख असली तरी दोन पिढ्यांत ती खोटी होते. तलाठ्याच्या दप्तराशीं ज्यांचा संबंध आला त्यांस हें निराळें सांगावयास नको.

२००९ सालीं पट्ट्यांचा कायदा बदलला. जुन्या पडीक सार्वजनिक हद्दी पट्ट्यांस मोकळ्या करण्यांत आल्या. पट्टा घेणारानें तो वापरांत ठेविलाच पाहिजे, दरसाल अहवाल दिला पाहिजे, न वापरल्यास पट्टा जाईल, अशा अटी आल्या. नुसती जागा अडवून बसणें बंद झालें. २०१० सालीं राखीव क्षेत्रें वाढविलीं, तीं उरलेल्या चांगल्या तळाच्या ९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेलीं. तेथें कोणीही कालव काढूं नये. २०११ पासून संस्थानाच्या शेतकी-अर्थसाहाय्य मंडळानें पट्टेवाल्यांस कमी व्याजानें कर्जें देण्यास आरंभ केला. आरंभीं केवळ व्याज भरावयाचें, आणि काम नीट केल्यास मुद्दलाचा कांहीं भाग माफ. ही आपल्या तगाईचीच धाकटी बहीण. १८८३ व १८८४ च्या कायद्यांखालीं विहीर, बैल, बियाणें यांसाठीं तगाई देत. ती नेमक्या कामास लागली कीं लग्नास, हें पाहण्यास अव्वल कारकून जाई. तिकडे ती तपासणी पाण्याखालीं करावी लागते, एवढाच फरक. बीं मात्र तेथें सरकारी विद्यापीठाच्या केंब्रिज गांवाजवळील प्रयोगशाळेंत मोठ्या प्रमाणावर तयार होतें व शिंपल्यांवर चिकटवून दिलें जातें.

राखीव क्षेत्रांत सरकारनें मोठमोठीं कामेंही केलीं. हॅरिस क्रीक नांवाच्या खाडींत सुमारें साडेतीनशें एकरांवर दगड व शिंपले टाकून त्यांवर दोनशें कोटींहून अधिक बीं सोडण्यांत आलें. तें काम २०१५ सालीं पुरें झालें. कालवें तेथें जगलीं व वाढलीं हें निर्विवाद. परंतु कांहीं ठिकाणीं दगडांचे ढीग ठरल्यापेक्षां उंच राहिले, नावांचे तळ त्यांवर घांसले, आणि नावाड्यांनीं एकच ओरड केली. २०१६ च्या आरंभीं शेजारच्या ट्रेड एव्हन नदींतील असेंच काम गव्हर्नरच्या सांगण्यावरून कांहीं काळ थांबविण्यांत आलें. ठेकेदारानें दगड टाकतांना वर उभें राहून खोली मापणारा एक कारकून असता, तर एवढी चर्चा लागली नसती असें माझें मत आहे.

अलीकडे पिलें धरण्याचीं कांहीं वर्षें चांगलीं गेलीं व २०२१-२२ च्या हंगामांत पांच लाख बुशेलांवर कालवें निघालीं. पट्टेवाल्यांस आतां निराळाच विरोध भेटतो. किनाऱ्यावर बंगले बांधून राहणारी धनिक मंडळी म्हणतात कीं, कालवांचे तरंगते पिंजरे दिसण्यांत ओंगळ आहेत. पूर्वीं हरकत घेणारा चिमटेवाला होता. आतां तो व बंगलेवाला एकाच अर्जावर सही करतांना दिसतात.

हें सर्व वाचून कोंकणाकडे वळलें तर काय दिसतें? सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खाड्यांत बायकांच्या बचत गटांनीं तराफ्यांवर दोऱ्या सोडून कालवें व शिंपल्यांची शेती करावी, असे प्रयत्न सरकारी मदतीनें झाले आहेत. केंद्र सरकारच्या २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेंतही शिंपल्यांच्या शेतीस जागा आहे. त्या योजनेंत सर्वसाधारण लाभार्थ्यास खर्चाच्या ४० टक्के आणि स्त्रियांस व अनुसूचित जातिजमातींस ६० टक्के साहाय्य मिळतें. पैसा येईल, तराफेही येतील. खाडीच्या तळास मात्र सर्व्हे नंबर नाहीं आणि सात-बारा नाहीं. कोणत्या वाडीच्या बायका कोणत्या खडकावर पिढ्यान् पिढ्या जातात, हें त्यांस व शेजारच्या वाडीस ठाऊक, कागदास ठाऊक नाहीं. उद्यां एखाद्यास त्याच पाण्यांत तराफ्यासाठीं जागा नेमून दिली, तर या बायकांनीं हरकत कशाच्या आधारें घ्यावी?

ज्या ग्रामपंचायतींत असा प्रस्ताव येईल तेथील पंचांनीं एवढें करावें. मोठ्या ओहोटीचा दिवस पाहून, कालवें काढणाऱ्या बायकांस बरोबर घेऊन खडकांची पाहणी करावी. प्रत्येक खडकाचें गांवठी नांव, तेथें जाणाऱ्या घरांचीं नांवें आणि ओहोटीचें पाणी कोठवर उतरतें ती खूण, अशीं तीन सदरें घालून पंचनामा लिहावा. त्यावर दोन्ही वाड्यांच्या सह्या व आंगठे घ्यावे आणि एक नक्कल तहसील कचेरींत दाखल करून पोंच मागावी. काम दोन ओहोटींचें आहे, आणि तराफ्याचा पहिला बांबू रोवण्यापूर्वीं तें उरकलेलें असावें.